नावाचा नारळ

मला मासळीवाली म्हटलेलं चालतं. मी आहेच मासळीवाली. बालाघाटच्या गुजरीत, म्हणजे बाजारात, माझा ओटा आहे. बाप, महागू, अजून नदीत जाळं टाकतो आणि सापडलेली मासळी मी ओट्यावर मांडून विकते. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पण एखाद्या माणसाशी आपलं जिवाभावाचं नातं असावं आणि त्यानं चारचौघांत आपली ओळख नुसती धंद्यावरून करून द्यावी, याचा मला राग येतो. इतके दिवस झाले, तरी आठवलं की डोकं तापतं.

जिच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हे झालं तिचं नाव मी सांगणार नाही. लपवायचं आहे म्हणून नव्हे. ते मला घ्यायचंच नसतं. ती माझी महाप्रसाद आहे.

आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. छत्तीसगड इथून जवळ, तिकडूनच ही रीत आमच्यात आली असावी. दोन मुलींचं फार गूळपीठ जमलं की घरची माणसं पुरीहून कोणी आणलेला जगन्नाथाच्या प्रसादाचा वाळका भात त्यांना एकमेकींच्या हातून भरवतात. नारळांची अदलाबदल होते. त्या दिवसापासून त्या एकमेकींच्या महाप्रसाद. हाक मारायची तीही 'महाप्रसाद' अशीच, नाव घ्यायचं नाही. तिचा बाप माझा फुलबाबू, तिची आई माझी फुलदाई. जात वेगळी असली तरी चालते. आमची वेगळीच आहे. ते राजेगावचे कास्तकार, शेतीवाले, आम्ही तिथलेच ढिवर, मासे धरणारे.

शाळेत गुरुजींनी मला एकदा विचारलं, "तुझ्या बाजूला कोण बसते?" मी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. छडी बसली. मग तिला विचारलं, तर तीही गप्प. तिलाही बसली. मधल्या सुटीत आम्ही दोघी नदीवर गेलो आणि हात पाण्यात बुडवून बसलो. तेव्हा आम्ही काही फार शहाण्या नव्हतो, पण नाव नाही म्हणजे नाही, एवढं कळत होतं.

चुकून नाव निघालंच तर त्यालाही उपाय आहे. जिचं नाव घेतलं तिनं तिथल्या तिथं, दुसरं काहीही करण्याआधी, 'दंड' म्हणायचं. मग नाव घेणारीनं तिच्या दारात जाऊन नारळ फोडायचा, तिला पुन्हा घास भरवायचा, आणि विषय संपला. पण तिनं दंड मागितलाच नाही, तर नातं सोडलं असा अर्थ होतो. आमच्या गावच्या चंपाबाईंचं तसं झालं. मोटारपंपाच्या भांडणात त्यांच्या महाप्रसादनं त्यांचं नाव घेतलं आणि चंपाबाई दंड न मागता घरात निघून गेल्या. दोघींची दारं समोरासमोर, पण मरेपर्यंत त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तर माझी महाप्रसाद शिकली, नागपूरला बँकेत लागली. मी बालाघाटात सासरी आले. माझ्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ती त्यांच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, चिन्नोर तांदळाचा भात घेऊन आली होती आणि हळदीच्या अंगानं बसलेल्या मला तिनं पहिला घास भरवला होता. तोवर मी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. आमच्यात हे ठरलेलंच होतं. तिच्या लग्नात पहिला घास माझा.

तिचं लग्न ठरलं ते पवनशी. माणसं नागपूरची, तो गोव्याला मोठ्या हॉटेलात मॅनेजर. तिनं फोन केला.

"महाप्रसाद, झिंगे आणजो. नदीतले. दुसरं काई नको मले."

"अन् तुह्या सासरचे का म्हनतीन?"

"काई नाई म्हनत. तू ये फक्त. तू आल्याबिगर मी खानार नाई."

म्हणून बाबा दोन दिवस नदीवर होते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडकांच्या कपारीत लांब नांग्यांचे मोठे झिंगे, नदीतली कोळंबी, सापडतात, पण त्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हात घालावा लागतो. बाबांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. मी कांदा-लसूण चुलीवर भाजला, पाट्यावर वाटला, चिंच घातली, वरून कोथिंबीर. डबा नव्या फडक्यात बांधला, लग्नातली साडी नेसले आणि गोंदिया रोडवरच्या लॉनवर, आदल्या संध्याकाळच्या पार्टीला, गेले.

फाटकावरच्या माणसानं डबा हुंगला.

"खाना पीछे से."

"मैं मेहमान हूँ."

"मछली की बास आ रही है, दीदी. केटरिंग का गेट पीछे है."

आत झाडाझाडावर निळ्या दिव्यांत लिहिलं होतं 'सी-फूड नाइट'. जिथं मासेच खायला घालणार तिथं येणाऱ्या माणसाला मोगऱ्याचा वास यावा की काय? मी त्याला तेच विचारलं. तो हसला, पण बाजूला झाला नाही. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेवटी आतून फुलबाबू आले. चैतराम पटले, गावातला कडक माणूस, पण त्या दिवशी अंगावर घातलेल्या कोटात अगदी अवघडून गेले होते. त्यांनी माझा हात धरला आणि फाटकावरच्याला म्हणाले, "ही लडकी हाय मायी. समजलं?" त्याला मराठी समजलं की नाही कोण जाणे, पण बाजूला झाला.

आतलं वर्णन काय सांगू! बालाघाटात समुद्र आणला होता. कापडाच्या लाटा, थर्माकोलचे मासे, आणि झाडांना टांगलेलं जाळं. खरं जाळं! ज्यावर माझ्या बापाचं पोट चालतं ते त्यांनी फुग्यांबरोबर टांगलं होतं. आचारी पवनच्या गोव्याच्या हॉटेलातले, डोक्यावर उंच टोप्या. टेबलावर बर्फात बसून आलेली कोळंबी, कुठल्याशा पांढऱ्या गोडसर चिकात बुडवलेली. खेकड्यांची नुसती लाल कवचं, आत भात भरलेला. सुरमई मात्र चांगली होती. गरम रव्यात तळलेली, कुरकुरीत. मी तिचे तुकडे आवडीनं खाल्ले, खोटं कशाला बोलू. माझी फुलदाई विमलाबाई एका कोपऱ्यात वरण-भाताची ताटली घेऊन बसली होती आणि घरी मांडव घातलेला असताना इथं मासोळ्या कशापायी, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती.

पण खाणं नंतरचं. आधी मी गेले मंचापाशी.

मंचावर तिचं आणि पवनचं नाव दिव्यांनी लिहिलेलं. ती निळ्या लेहेंग्यात, कपाळावर मोत्यांची पट्टी. खरंच सुंदर दिसत होती. बाजूला तिची सासू, गीताबाई, आणि नणंदांचा घोळका, सगळ्यांच्या हातात मोबाईल. मी पायऱ्या चढले. तिनं मला पाहिलं, आणि तिचं हसू असं अर्ध्यावर थांबलं. मग तिनं माझ्या हातातला फडक्यातला डबा पाहिला.

"या कोण गं?" गीताबाईंनी विचारलं. अगदी साधं विचारलं.

ती म्हणाली, "या ना... आमच्याकडे मासे यांच्याकडूनच येतात. गुजरीत दुकान आहे यांचं."

या! यांच्याकडून! जिनं मला आयुष्यभर अगं-तुगं केलं, नदीत ढकललं, माझ्या ताटातलं ओढून खाल्लं, तिनं मला 'या' केलं. तेही बँकेतल्या मराठीत. आणि वर एका वेटरला बोलावून माझ्या हातातला डबा त्याच्याकडे दिला. "हे किचनमध्ये ठेवा."

बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर चीड. खोटं असतं तर मी तिथंच खोडून काढलं असतं. मासे माझ्याकडूनच जातात, दुकान गुजरीतच आहे. पण छडी कोणी खाल्ली होती? ती तापानं फणफणली तेव्हा तिला राजेगावहून सायकलवर बसवून दवाखान्यात कोणी नेलं होतं? दुकानानं?

"वा, छान," असं काहीतरी गीताबाई म्हणाल्या. नणंदांनी पुढचा फोटो काढला. मी खाली उतरले.

निघून जायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल. मी का जाऊ? बापाची बोटं फाटली ती मी मागच्या दारानं जावं म्हणून नव्हे. मी पुढच्या रांगेत, मंचाच्या अगदी समोर खुर्ची ओढली, ताटली भरून घेतली आणि जेवायला बसले. राग आला की मला भूक जास्त लागते.

फुलबाबू येऊन शेजारी बसले. "बाई, तू वर काहून नाई? तिनं सकाळपासून काई खाल्लं नाई. म्हने, महाप्रसाद आल्यावर खाईन."

"लेहेंगा घट्ट असन," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काय झालं ते सांगितलं मी, जसंच्या तसं. त्यांचा चेहरा उतरला. उठून मंचाकडे जायला निघाले, तर मी कोटाची बाही धरली.

"तुमी नका बोलू, फुलबाबू. तुमी सांगाल, सारे मानतीन. पन ते तिनं सांगा लागते."

ते बसले. पाणी प्यायले.

मग गोंदियाहून आणलेला माइकवाला आला. गुलाबी कोट, कोणालाही दीदी-भैया करणारा. त्यानं खेळ काढला. दुल्हनच्या मैत्रिणींनी एकेक करून माइकवर तिचं नाव घ्यायचं आणि शुभेच्छा द्यायच्या, जिचा आवाज सगळ्यात मोठा तिला बक्षीस. नागपूरच्या बँकेतल्या दोघी-तिघींनी किंकाळ्या मारल्या. लोक हसले. मी समोरच बसलेली, तेव्हा माइक माझ्या तोंडासमोर आला.

"दीदी, आप दुल्हन की कौन?"

"उसी से पूछो," मी म्हणाले.

"अरे, दीदी नाराज हैं! चलिए, नाम तो लीजिए. पीछे लिखा हुआ है, देख के बोल दीजिए!"

लोक पुन्हा हसले. मी मंचाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. त्या सबंध संध्याकाळी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. तिनं मान अगदी जराशी हलवली. नको. त्या एवढ्या गर्दीत 'नको' का, हे आम्हा दोघींना आणि गावच्या चार माणसांना सोडून कोणाला कळणार होतं?

मी रागाच्या भरात बोलले असं कोणी म्हणू नये. राग होताच, पण मी उठून उभी राहिले, माइक नीट हातात धरला, आणि मनात सगळं लख्ख होतं. आता मी नाव घेतलं की तिच्यापुढे दोनच वाटा. दंड मागायचा, तर या सगळ्यांसमोर सांगावं लागणार की मी तिची कोण. नाही मागितला, तर मी खरंच मासळीवाली, आणि उद्यापासून तेवढीच. अर्धंमुर्धं काही मला नको होतं.

मी ते नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट. इतक्या वर्षांत तोंडातून पहिल्यांदा निघालं, स्वतःलाच परकं वाटलं. इथं ते पुन्हा लिहीत नाही. एका नारळात एकदाच.

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! सगळ्यात मोठा आवाज माझा, असं त्या गुलाबी कोटानं जाहीर केलं. गाणं सुरू झालं. शेजारी फुलबाबूंनी डोळे मिटून घेतले. आणि मंचावर फोटोवाल्यानं पवनच्या हातात काडीला लावलेली कोळंबी दिली आणि तिला म्हणाला, "मॅडम, बाइट." पवननं हात पुढे केला. तिनं तोंड उघडलं.

मला वाटलं, संपलं. चंपाबाई आतल्या आत कशा जगल्या असतील ते मला त्या क्षणी कळलं, आणि ज्या तोंडानं ते नाव घेतलं त्या तोंडात सुरमईची चव कडू झाली.

तिनं तोंड मिटलं. पवनचा हात बाजूला केला. काहीतरी बोलली, पण गाण्यात ऐकू आलं नाही. मग ती उठली, लेहेंगा दोन्ही हातांनी उचलून पायऱ्या उतरली आणि माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

"गाना बंद करा."

गाणं बंद झालं.

"दंड," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "हिनं मायं नाव घेतलं. दंड लागते."

गुलाबी कोटवाला हसायला लागला, त्याला वाटलं खेळच चाललाय. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला.

"हे मासळीवाली हाय, हौ. पन त्याच्या पयले मायी महाप्रसाद हाय. लहानपनी भात खाल्ला आमी एकमेकीच्या हातचा. मघाशी मी अर्धंच सांगतलं. मले लाज वाटली. आता त्याचीच लाज वाटून राह्यली."

बँकेतली मराठी कुठल्या कुठं पळाली होती, आणि नागपूरच्या नणंदा तोंडाकडे बघत राहिल्या. फुलदाई वरण-भाताची ताटली हातात घेऊनच उठून उभी राहिली.

गीताबाई मंचावरून खाली आल्या. मी तयारच होते. काही वेडंवाकडं बोलल्या असत्या तर मी ऐकून घेणार नव्हते. त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, मग तिला खाली का बसवलंस? वर बसव की आपल्याजवळ." आणि मला म्हणाल्या, "डब्यात काय आणलं होतंस गं? मला तेव्हाच वास आला होता."

म्हणजे बघा! त्या बाईला कशाचंच काही नव्हतं. माझी महाप्रसाद कोणाला भ्याली, तर कोणालाच नाही. आपल्याच मनात सासू उभी केली, आपणच तिला नाक मुरडायला लावलं, आणि पाणउतारा मात्र माझा झाला. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त तिच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटत होतं. मग घातलाच. मोत्यांची पट्टी सरकली.

"फुकटची भेली तू," मी म्हणाले.

"हौ, भेली," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. कानाशी हळूच म्हणाली, "अन् तू? मी दंड मागतला नसता त?"

"मागते का नाई ते पाहाचं होतं मले."

"नसता मागतला त?"

मी तिची सरकलेली पट्टी नीट बसवली.

डबा मागवला. वेटर बऱ्याच वेळानं घेऊन आला, आणि हातात घेताच मला कळलं की तो हलका आहे. उघडला. गोव्याहून आलेल्या त्या टोप्या घातलेल्या आचाऱ्यांनी माझे झिंगे खाल्ले होते! रस्सासुद्धा पावानं पुसून घेतलेला. तळाशी दोन उरले होते, तेही एकाची नांगी मोडलेली. मी एवढं काही बोलले की वेटर दोन पावलं मागे गेला. बाबांच्या बोटांच्या चिरा त्यांना दाखवायला हव्या होत्या. पवन बिचारा म्हणाला, "ताई, आमच्या शेफनं खाल्लं म्हणजे चांगलंच असणार." त्यालाही दोन शब्द ऐकवले. नवरदेव असला म्हणून काय झालं?

गीताबाईंनी हात पुढे केला. "एक मला दे. चव तर घेऊ दे."

"नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"आधी नारळ," मी म्हणाले. "मग पहिला घास तिचा. मग तुम्ही."

"अन् तोवर मी उपाशी," ती म्हणाली. सकाळपासूनची खरोखरच उपाशी होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, खा ना ती कोळंबी. तिनं मान हलवली. पाणी प्यायली, आणि मंचावर माझा हात धरून बसून राहिली. मग नणंदांनी आमचे फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी उजाडता मी राजेगावला जायला निघाले. लग्न त्यांच्या दारातल्या मांडवात होतं. वाटेत नारळाचं दुकान नुकतं उघडत होतं. माझी चिडचिड काही गेली नव्हती. चूक तिची, लाज तिची, भीती तिची, आणि नारळ मी फोडायचा! कोणी केली असेल ही रीत? पण दोन झिंग्यांचा डबा काखेत होता, आणि ती कालपासून उपाशी होती.

दुकानदारानं समोरचा एक उचलून दिला. लहानसा, पूजेला ठेवतात तसला.

"हा नको," मी म्हणाले. "त्यो मोठा दे. कडक पाहून दे. फोडला का आवाज नवरदेवाच्या वऱ्हाडापर्यंत गेला पाह्यजे."